अमेरिकन कुटुंबात राहायला जाणाऱ्या मुलीला घरी रोज काय खायला मिळेल?

तुम्ही विचारलंय की मुलगी एक्स्चेंज प्रोग्रॅमवर शाळेचं एक वर्ष मिनेसोटातल्या एका कुटुंबात राहणार आहे, तर ते लोक घरी रोज खातात तरी काय, बर्गर-पिझ्झावरच वर्ष काढावं लागेल का, आणि चिकन-मासे-अंडी चालणाऱ्या पण बीफ-पोर्क न खाणाऱ्या मुलीचे हाल होतील का. मी बरीच वर्षं सेंट पॉलजवळ राहतो, घरातला स्वयंपाक बराचसा माझ्याकडे असतो आणि शेजारपाजारच्या स्वयंपाकघरांत माझी ये-जा आहे. त्या भरवशावर सांगतो, हाल होणार नाहीत. बर्गर-पिझ्झा असतो एखाद्या दिवशी, बहुतेक वेळा कुणालाच ओट्यापाशी उभं राहायचं नसतं म्हणून. एरवी घरात जे शिजतं ते इथल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावरही फारसं दिसत नाही, मग आपल्याकडे त्याची नावं कुठून पोचणार?

सुरुवात ओव्हनपासून करू, कारण यांचं घरचं जेवण तिथेच होतं. आपल्याकडे फोडणी बसली की अर्धी चव आली. इथे मोहरी-हिंग नाही, हळद नाही. चव येते ती खरपूस भाजण्यातून, लोण्या-दुधातून, कांद्यातून आणि मिठातून. सगळा जिन्नस एका भांड्यात रचायचा, ३५० डिग्री फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या साधारण १७५ सेल्सिअसवर, तासभर ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला. हो, साडेपाचला. पुण्या-नाशकात ज्या वेळी दुसरा चहा होतो त्या वेळी इथे रात्रीचं पान मांडलेलं असतं, आणि नऊ वाजता मुलीला परत भूक लागेल. तेव्हा फ्रिज उघडायला लाजू नको म्हणावं. यजमान कुटुंबं पहिल्याच दिवशी 'हवं ते घे' असं सांगतात आणि ते मनापासून असतं.

मिनेसोटात तिची पहिली गाठ पडेल ती हॉटडिशशी. आमच्या शेजारच्या आजींकडे नऊ बाय तेरा इंची काचेचं एक भांडं आहे. त्याच्या तळाला मास्किंग टेपचा तुकडा आणि त्यावर पेनाने लिहिलेलं आडनाव, कारण चर्चमधल्या एकत्र जेवणाला सगळ्याच बायका अशीच भांडी घेऊन येतात आणि परत जाताना अदलाबदल होते. आजी कांदा आणि खिमा परतून, मीठ-मिरपूड घालून भांड्याच्या तळाशी पसरतात. त्यावर गोठवलेले मटार किंवा फरसबी. त्यावर मशरूमचं डबाबंद दाट सूप, पाणी न घालता, चमच्याने सारखं केलेलं. सगळ्यात वर टेटर टॉट्स, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे अंगठ्याएवढे गोठवलेले रोल. त्यांची सून ते पिशवीतून सरळ ओतते. आजी मात्र एकेक उचलून शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी करावीत तसे रांगेत लावतात आणि सुनेच्या हॉटडिशला हॉटडिश म्हणत नाहीत. पाऊण तासाने कडांवर सूप खदखदून वर येतं, काचेला चिकटतं, तपकिरी होतं. ती खरवड ज्याच्या ताटात पडते त्याचा त्या दिवशी हेवा केला जातो.

यात खिमा बीफचा असतो. पण तोच पदार्थ टर्कीच्या खिम्याचा किंवा चिकन आणि वाइल्ड राइसचाही करतात, आणि आधी सांगितलं तर कुणालाही त्याचं काही वाटत नाही.

आता मला खरं सांगायचंय ते. ही सगळी 'आजीच्या हातची' चव म्हणून जी जपली जाते, तिचा मोठा भाग कंपन्यांच्या स्वयंपाकघरांतून आला आहे आणि डब्याच्या किंवा खोक्याच्या पाठीवरून घरात शिरला आहे. हॉटडिशचंच बघा. छापील हॉटडिश सापडतं ते १९३० मध्ये, मिनेसोटातल्याच मँकॅटो गावच्या एका लुथरन चर्चच्या महिला मंडळाने काढलेल्या पाककृतींच्या पुस्तिकेत. मंदीचा काळ, थोड्या खिम्यात मोठं कुटुंब जेवलं पाहिजे, म्हणून मॅकरोनी आणि डबाबंद सूप घालून भर घालायची. कॅम्पबेल कंपनीत जॉन डॉरन्स यांनी १८९७ मध्ये सूप आटवून लहान डब्यात बसवलं होतं. १९३४ मध्ये त्याच कंपनीचं मशरूम सूप आलं आणि मिडवेस्टच्या, म्हणजे मिनेसोटासारख्या मध्य-उत्तरेकडच्या राज्यांतल्या, बायकांनी ते सूप म्हणून कमी आणि तयार पांढरा सॉस म्हणून जास्त वापरलं. टेटर टॉट्स १९५३ चे. ऑरेगन आणि आयडाहो या राज्यांच्या सीमेवरच्या ओर-आयडा कंपनीत फ्रेंच फ्राइज कापल्यावर बटाट्याचे जे बारीक तुकडे उरायचे ते गुरांना घालत असत. ते मसाला लावून, दाबून, तळून विकायची कल्पना तिथल्या ग्रिग बंधूंची.

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या इथल्या मोठ्या सणाला, तिच्या पानात नक्की पडेल अशी ग्रीन बीन कॅसरोल ही फरसबीची भाजीही अशीच जन्मली. १९५५ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅमडेनमध्ये, कॅम्पबेलच्या चाचणी-स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी ती बसवली. अट अशी की घरोघरी कपाटात जे असतंच त्यातून झाली पाहिजे. फरसबी, मशरूम सूप, दूध, चमचाभर सोया सॉस, मिरपूड आणि वर डब्यातला तळलेला कांदा. संपलं. त्यांनी लिहिलेलं पाककृतीचं मूळ कार्ड २००२ मध्ये राष्ट्रीय संशोधक सन्मान संग्रहालयात गेलं. मला ही भाजी दुसऱ्या दिवशी, कांदा थोडा मऊ पडल्यावर, जास्त आवडते. आपल्या मुलीला ती चालेल. मशरूम आवडत नसतील तर मात्र अवघड आहे, कारण इथे मशरूम सूप कशात नसतं ते विचारावं लागतं.

आणि बेटी क्रॉकर! आमच्याच मिनियापोलिसची. १९२१ मध्ये इथल्या एका पिठाच्या गिरणीने, जी पुढे जनरल मिल्स झाली, जाहिरातीत एक कोडं छापलं. उत्तरांबरोबर बायकांची हजारो पत्रं आली: केक बसतो का, ब्रेड फुगत का नाही. पुरुष अधिकाऱ्याच्या सहीने उत्तर बरं दिसणार नाही म्हणून बेटी क्रॉकर हे नाव तयार केलं गेलं. अशी बाई कधीच नव्हती, पण तिच्या सल्ल्याने केक करणाऱ्या तीन-चार पिढ्या खऱ्या आहेत. आपल्याकडचे काही लोक हे ऐकून नाक मुरडतात, 'डबे फोडून केलेला स्वयंपाक' म्हणतात. मला ते पटत नाही. उणे तीस तापमानात, नोकर न ठेवता, सासू-जाऊ हाताशी नसताना घर चालवणाऱ्या बाईला हा डबा म्हणजे मदतनीस होता.

मॅक अँड चीजवर, म्हणजे चीजच्या सॉसमधल्या मॅकरोनीवर, मात्र जरा थांबतो, कारण तुमची मुलगी पहिले काही आठवडे त्यावरच तरेल अशी माझी अटकळ आहे. याची गोष्ट बाजारातल्या तयार खोक्यापेक्षा खूप जुनी आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन १७८४ मध्ये पॅरिसला गेले तेव्हा त्यांनी आपल्या मालकीचा एक गुलाम तरुण, जेम्स हेमिंग्ज, सोबत नेला आणि त्याला तिथे फ्रेंच स्वयंपाक शिकवला. लोणी-दूध-चीजमध्ये मॅकरोनी शिजवायची तऱ्हा अमेरिकेतल्या श्रीमंत घरांत रुजवणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं घ्यावं लागतं. त्याला स्वातंत्र्य मिळालं १७९६ मध्ये, तेही आपल्या भावाला, पीटरला, सगळा स्वयंपाक शिकवून तयार केल्यावर. पुढे १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या मेजवानीत मॅकरोनीचा 'पाय' (पारी घालून भाजलेला पदार्थ) वाढला गेला आणि मॅसॅच्युसेट्सच्या एका पाहुण्याने आपल्या रोजनिशीत त्याला नावं ठेवली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय घरांत आजही सणाच्या जेवणाला मॅक अँड चीज कुणी करायचं हे ठरलेलं असतं, नवख्या सुनेकडे ते काम देत नाहीत.

क्राफ्ट कंपनीचं मॅक अँड चीजचं खोकं आलं १९३७ मध्ये. १९ सेंटमध्ये चौघांचं जेवण, अशी जाहिरात. पाठोपाठ युद्ध आलं, रेशन सुरू झालं, आणि एका कुपनावर दोन खोकी मिळत असल्याने ते घरोघरी गेलं ते गेलंच. मुलांना आजही त्या खोक्यातलं भगवं चीजच आवडतं. आईने खपून केलेलं ठेवतात तसंच.

हे ती निघायच्या आधी तुम्ही घरी करून बघू शकता, म्हणजे तिची जीभ तयार होईल. पाव किलो मॅकरोनी मिठाच्या पाण्यात किंचित कच्ची राहील इतपत उकडून निथळा. तीन मोठे चमचे लोणी वितळवा, तेवढाच मैदा घालून मंद आचेवर दोन मिनिटं परता. रंग बदलू द्यायचा नाही. अर्धा लिटर कोमट दूध थोडं थोडं घालत ढवळा, गुठळी होऊ देऊ नका. सॉस चमच्याच्या पाठीवर बसायला लागला की गॅस बंद करा, आणि मगच दोनशे ग्रॅम किसलेलं चीज घाला. चालू आचेवर चेडर घातलं तर ते फाटतं, तूप वेगळं आणि चोथा वेगळा. आपल्याकडच्या प्रोसेस्ड चीजला ती भीती कमी, कारण त्यात घातलेले क्षार चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवतात. त्या प्रकारच्या चीजचं अमेरिकेतलं पेटंट जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये घेतलं होतं. वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा, आणि असेल तर ओव्हनमध्ये वीस मिनिटं. लाल तिखट शिंपडायचा मोह होईल. शिंपडा, कोण बघतंय.

आता पथ्याचं. उघड बीफ ओळखू येतं: मीटलोफ म्हणजे खिमा, पावाचा चुरा, अंडं, कांदा यांची भाजलेली वडी, वर केचपचा थर, पॉट रोस्ट म्हणजे गाजर-बटाट्याबरोबर तासन्‌तास शिजवलेला मोठा तुकडा, स्लॉपी जो म्हणजे पावात भरलेला गोडसर खिमा. चिली या खिम्याच्या मसालेदार दाट रश्शातही बहुधा बीफ असतं. टेक्सासमध्ये चिलीत राजमा घातला तर वाद होतात, तिथे तो १९७७ पासून राज्याचा अधिकृत पदार्थ आहे, पण मिनेसोटात राजमा बिनधास्त घालतात, आणि निव्वळ राजम्याची चिलीही करतात. ती मागून घ्यायला सांगा, जिरेपूड असते त्यात, घरची आठवण येईल.

खरी गडबड न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. बेक्ड बीन्समध्ये बेकनचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, तुकडे असतात. बिस्किटांवरची पांढरी ग्रेव्ही निरागस दिसते, पण ती पोर्क सॉसेजच्या चरबीत मैदा परतून केलेली असते. (बिस्किटं म्हणजे इथे पार्ले-जी नव्हे, ताकातल्या मैद्याचे खुसखुशीत पाव. लोणी-मधाबरोबर फार सुरेख लागतात.) पायच्या पारीत डुकराची चरबी असू शकते. कॉर्नब्रेडचं भांडं काही घरांत बेकनच्या तुपाने माखतात. आणि जेलो! रंगीत थरथरणारी जेली, तिच्यात अननस, गाजराचा कीस, कधी चक्क चक्का-सदृश चीज, आणि हिला सॅलड म्हणतात. जेलो आणि मार्शमॅलो दोन्हींत जिलेटिन असतं, ते डुकराच्या किंवा गुरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. जेलो सॅलड तिने नाकारलं तर तिचं काही बुडणार नाही. मी स्वतः ते आदराने पुढे सरकवतो.

तेव्हा घरी बसून आधी ठरवा की तुम्ही कुठवर पाळता. फक्त मांसाचा तुकडा नको, की स्टॉक (हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी), चरबी, जिलेटिनही नको? जे ठरेल ते यजमान कुटुंबाला पहिल्याच ईमेलमध्ये स्पष्ट लिहा. इथे आडून सुचवलेलं कुणाला कळत नाही, पण सरळ सांगितलेलं लोक फ्रिजवर कागद लावून पाळतात.

तिला बिनघोर चालतील अशा गोष्टी कमी नाहीत. तव्यावर लोण्यात भाजलेलं ग्रिल्ड चीज सँडविच आणि सोबत टोमॅटो सूप, हिवाळ्यातलं सगळ्यात लाडकं जेवण. ट्यूना, नूडल्स आणि मटारचं कॅसरोल. ताकात मुरवून तळलेलं चिकन. चिकन पॉट पाय, म्हणजे दाट पांढऱ्या रश्शातलं चिकन-गाजर-मटार आणि वर खुसखुशीत पारी. पारीची तेवढी चौकशी करायची. ताप-सर्दी झाली की चिकन नूडल सूप, आपल्या मऊ भाताच्या जागी. चिकन कच्चं राहील ही काळजी नको: बहुतेक घरांत थर्मामीटर खुपसून आत १६५ डिग्री फॅरनहाइट झालेलं बघूनच ते बाहेर काढतात. दुपारचं जेवण शाळेत. मिनेसोटात २०२३-२४ च्या शैक्षणिक वर्षापासून सरकारी शाळांत नाश्ता आणि जेवण सगळ्या मुलांना मोफत आहे. चवीबद्दल मी काही बोलत नाही.

इथल्या खास दोन गोष्टी तिने चुकवू नयेत. एक वाइल्ड राइस, उथळ तळ्यांत उगवणाऱ्या गवताचं काळसर लांब बी. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक होडीतून जाऊन काठ्यांनी झोडून ते गोळा करत आले आहेत आणि १९७७ पासून ते राज्याचं अधिकृत धान्य आहे. त्याचं चिकन आणि सायीतलं सूप जानेवारीत मिळालं की माणूस थंडीला माफ करतो. दुसरी लेफ्से, नॉर्वेतून आलेल्या लोकांची बटाट्याची पोळी. खाचा पाडलेल्या लाटण्याने ती इतकी पातळ लाटतात की लांब चपट्या काठीनेच मोठ्या गोल तव्यावर टाकता येते, आणि खाताना लोणी लावून, साखर भुरभुरून गुंडाळी करतात. डिसेंबरात हे लाटण्याचं काम घरात निघालं तर तिने पुढे व्हावं. पोळ्या लाटता येणाऱ्या मुलीचा भाव त्या दिवशी भलताच वधारतो.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. टर्की तिला चालेल. पोटात भरलेल्या पावाच्या सारणात सॉसेज आहे का एवढं विचारायचं. रताळ्यांवर मार्शमॅलो वितळवलेले असतील, ते बाजूला सारता येतात. भोपळ्याच्या पायमध्ये दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग असते, त्यामुळे तो आपल्या लोकांना पहिल्या घासालाच आवडतो.

पंगतीचं एकच सांगतो. भांडी हातोहात फिरतात, आपण आपलं वाढून घ्यायचं. आग्रह नावाची गोष्ट इथे नाही. भीडेखातर एकदा 'नको' म्हटलं की भांडं पुढे गेलं, परत फिरून येत नाही. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणायला शिकवून पाठवा.

सामानात बंद पाकिटातला गोडा मसाला, तिखट, मेतकूट आणि जाड पोह्यांची दोन पाकिटं द्या. विमानतळावर खाण्याचं सामान आहे हे आपणहून सांगायचं. पोहे अशासाठी की कधीतरी यजमान म्हणतीलच, तुमच्याकडचं काहीतरी कर. कांदे-बटाटे, लिंबू, कोथिंबीर, शेंगदाणे इथल्या कुठल्याही दुकानात मिळतात. मात्र फोडणी मंद आचेवर आणि खिडकी उघडून. बऱ्याच घरांतला पंखा धूर गाळून परत घरातच सोडतो आणि मोहरी तडतडली की छतावरचा अलार्म केकाटायला लागतो. गाव कुठलं ते कळलं की लिहा, जवळात जवळचं इंडियन ग्रोसरीचं दुकान कुठे आहे ते शोधून कळवतो.